चेतातंतूचं रसायन : स्रवतं, पाझरतं की सोडलं जातं?

प्रश्न :
मायस्थेनिया ग्रेव्हिसच्या रुग्णांसाठी दोन पानी माहितीपत्रक लिहिते आहे. या आजारात पापण्या जड होतात, दिवस कलतो तसं घास चावणंही कठीण होतं. चेतातंतूचा संदेश स्नायूपर्यंत नेणाऱ्या रसायनाबद्दल माझ्या मजकुरात एक वाक्य होतं, ‘चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीनचे उत्सर्जन होते.’ आईला वाचायला दिलं तर ती म्हणाली, ‘उत्सर्जन म्हणजे लघवीवाटे बाहेर जातं तेच ना?’ तिथेच अडले आहे. स्रवतं, झिरपतं, पाझरतं, सोडलं जातं... यांतलं नेमकं कोणतं घ्यावं?

उत्तर :
आईंचं बरोबर आहे. शाळेच्या पुस्तकातली उत्सर्जन संस्था म्हणजे मूत्रपिंडं, आणि तोच अर्थ लोकांच्या डोक्यात पक्का आहे. ‘स्राव’ चुकीचा नाही, पण त्यानं लाळ, पित्त, ग्रंथी डोळ्यांपुढे येतात.

‘पाझरणे’ मात्र नकोच. माठ पाझरतो, कडा पाझरतो. तिथे ओल संथपणे, सतत येत राहते. इथे चेतातंतूच्या टोकाशी रसायनानं भरलेल्या सूक्ष्म पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, तयार असतात. संदेश पोचला की कॅल्शियम आत शिरतं आणि मिलिसेकंदाच्या आत कितीतरी पुटिका टोकाच्या पटलाला, म्हणजे बाहेरच्या आवरणाला, मिळून चेतातंतू आणि स्नायू यांमधल्या फटीत रित्या होतात. १९५२ साली पॉल फॅट आणि बर्नार्ड कात्झ या शास्त्रज्ञांना बेडकाच्या स्नायूत दिसलं की, चेतातंतू स्वस्थ असतानाही अधूनमधून विजेच्या इवल्या लहरी उठतात, अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासच्या. पुढे उलगडलं ते असं : एक लहर म्हणजे एक पुटिका, हजारो रेणूंची. खरा संदेश आला की त्याच मापाच्या शेकडो पुड्या एकदम सुटतात. अर्धी पुडी सुटत नाही. असं मापानं येणाऱ्या गोष्टीला पाझर कसं म्हणायचं? रसायन ‘सोडलं जातं’, पुटिका ‘रिती होते’, असंच लिहा.

आणखी एक :
पत्रक हिंदीतही करणार असाल तर ‘स्नायू’ जपून वापरा. आपल्याकडे स्नायू म्हणजे ज्यानं हात हलतो ते मांस. हिंदीत ‘स्नायु’ म्हटलं की पुष्कळांना नसच कळते. सुश्रुतसंहितेत तर ९०० स्नायू आणि ५०० पेशी वेगवेगळ्या मोजल्या आहेत. तिथला स्नायू बांधून ठेवणारा, दोरीसारखा, आणि पेशी म्हणजे आपला आजचा स्नायू! ग्रीक ‘न्यूरॉन’ही आधी दोरीसारख्या कंडरेलाच म्हणत, नस हा अर्थ नंतरचा. म्हणून मला ही गल्लत कुणाचं अज्ञान वाटत नाही. पांढऱ्या, चिवट दोऱ्या उघड्या डोळ्यांना सारख्याच दिसतात.

‘जोड’ किंवा ‘सांधा’ हे शब्दही टाळा. चेतातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी. रसायन लागतं ते ती ओलांडायलाच.

अजून एक, थोडं बाजूचं :
दंड वळवला की उठते तिला आपण ‘बेडकुळी’ म्हणतो. लॅटिनमध्ये स्नायूला ‘मुस्कुलुस’, म्हणजे छोटा उंदीर. कातडीखाली काहीतरी जिवंत हलतंय असं दोघांनाही वाटलं असणार. आपल्या लोकांना बेडूक दिसला याचा मला विशेष आनंद आहे, कारण या शोधांचं बरंचसं काम बेडकावरच झालं. १९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाचा चेतातंतू उत्तेजित करून ते मंद केलं, त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं आणि दुसरंही मंदावलं. चेतातंतू रसायनानं बोलतो, हे त्यातून दिसलं.

प्रश्नकर्ती :
सगळ्यांचे आभार. आता मजकूर असा केला आहे :

‘हात उचलायचा असं मनात आलं की चेतातंतूच्या टोकाशी असलेल्या पुटिका रित्या होतात आणि ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन फटीत सोडलं जातं. पलीकडे स्नायूवर ते घेणाऱ्या जागा असतात. तुमच्या आजारात रसायन नीट सोडलं जातं. शरीराचीच प्रतिपिंडं त्या जागा अडवतात आणि नष्ट करतात, म्हणून त्या कमी पडतात. गोळीमुळे रसायनाचं विघटन मंदावतं आणि ते फटीत जरा जास्त वेळ टिकतं.’

आईनं वाचलं. ‘म्हणजे पाठवणारा ठीक आहे, घेणाऱ्याकडे अडचण आहे,’ म्हणाली. हेच रुग्णांना कळायला हवं होतं.