सरसकट साठा वाढवून भागणार नाही
सुट्या भागांचा पुरवठा अडू नये म्हणून काही जण म्हणतात, 'जस्ट-इन-टाइम (लागेल तेव्हाच, लागेल तेवढाच माल मागवण्याची पद्धत) मोडीत काढा, सगळ्याच भागांचा साठा वाढवा'. हे मत मला पटत नाही. जपानमधल्या 2011 च्या भूकंपानंतर टोयोटाने तसं केलं नाही. आधी पुरवठादाराच्या मागे कोण, त्याच्याही मागे कोण, अशी साखळी खालपर्यंत नोंदवली. खरी गोम तिथेच असते: दोन पुरवठादार आहेत म्हणून आपण निर्धास्त, आणि दोघेही चिप एकाच कारखान्यातून घेतात! मग ज्या भागांना पर्याय उभा करायला फार वेळ लागतो, त्यांचाच साठा पुरवठादारांना ठेवायला सांगितला. चिपसाठी 2 ते 6 महिन्यांचा. म्हणूनच 2021 च्या चिप-टंचाईत सुरुवातीचे महिने निभावले. अर्थात पुरवठादारांची ही यादी सतत ताजी ठेवावी लागते. खालच्या पुरवठादाराने कारखाना हलवला की ती चुकते.