आजीच्या सवयी आणि त्यामागचा काळ

आमची आजी मागच्या महिन्यात गेली, ब्याण्णव पूर्ण होती. तेराव्याला सगळे जमलो तेव्हा जाणवलं की तिच्या सवयी आपल्याला तोंडपाठ आहेत, पण त्या लागल्या कशा हे निम्म्यांना माहितीच नाही. रेशनकार्ड, घराचे पेपर, लग्नाचा फोटो सगळं पत्र्याच्या ट्रंकेत आणि ट्रंक माळ्यावर, खालच्या कपाटात काही ठेवूच द्यायची नाही. कारण पानशेत. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं तेव्हा ती पुण्यात नारायण पेठेत भाड्याने राहायची, आत्याला कडेवर घेऊन निघाली आणि परत आली तेव्हा घरभर चिखल आणि कागदांचा नुसता लगदा. तुमच्या घरच्या आज्या-पणज्यांचं पण लिहा, जमेल तसं.

*

आमच्या मायचं पाण्याचं होतं. बीडकडचे आम्ही. 72 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, माझा बाप तेव्हा तान्हा, त्याला झाडाखाली झोळीत टाकून. डाव्या अंगठ्यावर हातोडी बसली ते नख नंतर कधी सरळ आलंच नाही, मधोमध चीर पडलेलं होतं, लहानपणी मी त्यावरून बोट फिरवत झोपायचो. कामावर सुकडी (पिठाचा कोरडा पौष्टिक खाऊ) मिळायची ती ती स्वतः खायची नाही, पदरात बांधून घरी मोठ्या पोरांना आणायची. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायचा त्याची भाकरी काही केल्या थापायची नाही म्हणे, तव्यावर टाकताना तुकडे पडायचे. पुढे दारात बोअर झाला, नळ आला, तरी पाणी सांडलं की फडक्याने टिपायची आणि ते फडकं कढीपत्त्याच्या बुडाशी पिळायची. सुना कंटाळायच्या. मला आता त्या फडक्याची फार आठवण येते, खरं सांगतो.

*

लालबागला आमच्या आजीची खाणावळ होती, गिरणीतले गाववाले जेवायला. परातीने कणीक मळायची सवय शेवटपर्यंत, घरात माणसं चार आणि पोळ्या पंचवीस. आधी सावकाराकडून पैसे उचलायची, मग प्रेमाताई पुरवांनी 1975 मधे अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं त्यातून तिला बँकेचं कर्ज मिळालं आणि त्यासाठी ती सही करायला शिकली. त्यानंतर कुठेही सही करायची म्हणजे आधी हात धुणार, चष्मा पुसणार, ताठ बसणार, मग एकेक अक्षर. कुरियरवाला उभा असला तरी तस्संच. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, बिलं थकली, पोरं गावी गेली ती गेलीच. पण उधारी बुडवली असं तिने कुणाबद्दल कधी म्हटलं नाही, कामगार काय खाणार होता म्हणायची.

*

पणजीचं छोटंसंच. 1957 ला नवे पैसे आले, एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, तो पाव पैसा आपल्याला कोण देणार म्हणून ती नेहमी चार आण्यांचं सामान एकदम घ्यायची, बरोबर पंचवीस पैसे. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. हिशोबाला आमच्यात अजून तिच्या तोडीचं कुणी नाही.

*

आमची आजी आहे अजून, त्र्याण्णव चालू. पाटणची. रात्री दाराला आतून कडी घालू देत नाही, उशाला बॅटरी आणि चपला लागतात. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कडी अडकून दार उघडेना, दिराने बाहेरून दार तोडून काढलं सगळ्यांना. वरचं सगळं तिला मोठ्याने वाचून दाखवलं, ट्रंकेचं ऐकून "शहाणी होती" म्हणाली आणि बीडच्या दादांना निरोप दिलाय की मिलोची भाकरी होते, पीठ उकळत्या पाण्यात भिजवून चांगलं मळायचं, तुमच्या मायला सरपण पुरत नसेल म्हणून पाणी नीट तापत नसेल.