छोट्या फर्निचरसाठी पहिला सँडर: गोल की चौकोनी?

सागवान_वाई:
चौरंग, पाट, टीपॉय, छोटा देव्हारा अशी कामं घरच्या शेडमध्ये करणाऱ्यानं पहिलं मशीन १२५ मिमीच्या गोल पॅडचं रँडम ऑर्बिटल सँडर (लाकूड घासायचं मशीन) घ्यावं, वेग कमी-जास्त करता येणारं. त्याची चकती स्वतःभोवती फिरते आणि फिरता फिरता हेलकावतेही, म्हणून ओरखडे एका दिशेनं पडत नाहीत. चौरंगाच्या चौकटीत उभी-आडवी लाकडं काटकोनात भेटतात. तिथं हातानं घासलं की एकाची रेषा (लाकडाच्या धाग्याची दिशा) सांभाळताना दुसऱ्यावर आडवे ओरखडे उठतात. हे मशीन सांध्यावरून बिनधास्त नेता येतं. घासायच्या कागदाचे ८०, १२०, १८० आणि पॉलिशआधी २२० नंबर (नंबर मोठा तेवढा कागद बारीक), एवढ्यात काम भागतं.

काटकोन_मिरज:
मला हे पटत नाही. देव्हारा म्हणजे सगळे कोपरेच, आणि गोल चकती कोपऱ्यात शिरत नाही. छोट्या कामाला पाव शीटचं चौकोनी ऑर्बिटल बरं. २३० × २८० मिमीचा साधा पॉलिश पेपर तालुक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. एका शीटचे ११५ × १४० मिमीचे चार तुकडे होतात. गोल वेलक्रो चकत्यांचं तसं नाही. ८० मिळते तेव्हा १८० संपलेली असते, मग माणूस मधला नंबर गाळतो आणि पॉलिश चढल्यावर ८०चे ओरखडे वर दिसतात.
दुसरं म्हणजे कडा. नवख्याच्या हातात गोल मशीन फळीच्या टोकाशी कलतं आणि कड गोल करून टाकतं. सागवानी प्लायवर तर विनियरच (वरचा सागाचा पातळ थर) अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहून पातळ. मशीन कललं की खालचं लाकूड उघडं पडतं, आणि ते पुन्हा झाकता येत नाही.

सागवान_वाई:
कड गोल होते ती मशीन कलल्यामुळे. पॅडचा एक तृतीयांशाहून जास्त भाग फळीबाहेर जाऊ द्यायचा नाही. मशीन आधी लाकडावर टेकवायचं, मग बटण दाबायचं. उचलायचं मात्र चालू असतानाच. दाब फक्त हाताच्या वजनाचा. जोरानं दाबलं की चकतीचं फिरणं थांबून नुसता हेलकावा उरतो, वेटोळी (गोल गोल ओरखडे) उमटतात, शिवाय उष्णतेनं पॅडवरचे वेलक्रोचे आकडे वितळतात. मग चकत्या उडायला लागतात आणि लोक दोष कंपनीला देतात.
चौकोनी मशीनची वेटोळी तर ठरलेलीच. शेवटी २२०नं हातानं रेषेच्या दिशेत घासावंच लागतं.

काटकोन_मिरज:
घासावं लागतं, मान्य. पण पाटाला त्याची पाच-दहा मिनिटं लागतात. ती वेटोळी मुख्यतः कागद सैल बसवल्यानं येतात. क्लिपमध्ये घालण्याआधी कागदाची पाठ टेबलाच्या कडेवरून ओढून नरम करा, मग तो ताणून बसतो आणि फाटतही नाही.

बाभूळ_जत:
दोघंही शेवटच्या हाताचंच बोलताय. बाभळीची फळी किंवा तीन पट्ट्या चिकटवून केलेला टीपॉयचा माथा आधी सपाट कोण करणार? ७५ मिमी पट्ट्याचं बेल्ट सँडर घ्या. ८० नंबरच्या पट्ट्यानं डिंकाचे उंचवटे झटक्यात जातात.

सागवान_वाई:
पहिलं मशीन म्हणून बेल्ट नकोच. एका जागी क्षणभर थांबला की खड्डा, आणि तो काढायला आख्खा माथा खाली आणावा लागतो. पाटाएवढ्या तुकड्यावर ते जड मशीन तोल जाऊन टोकं खातं. सपाटी हे रंध्याचं काम. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (घासायच्या कागदाच्या पाकळ्यांची चकती) लावून फळी सपाट करायला तर कुणीच जाऊ नये.

भुसा_कराड:
धुळीचं कुणीच बोललं नाही. निवड तिथंच व्हायला हवी. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचं वर्गीकरण आहे. सागवानाची धूळ नाकाला आणि कातडीलाही झोंबते. मशीनसोबतची छोटी पिशवी बारीक धूळ धरत नाही. व्हॅक्यूमची नळी जोडता येते का, हे दुकानातच बघा. माप जुळत नसेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून वर क्लिप आवळा. चकतीची भोकं पॅडच्या भोकांशी जुळली नाहीत तर ओढ शून्य. चौकोनीत कागदाला भोकं स्वतः पाडावी लागतात. ती पाडायचा साचा मशीनसोबत येतो का ते विचारा. एन-९५ मास्क तरीही हवाच.
सागवानाच्या तेलानं कागद गच्च भरतो. क्रेप रबराचा तुकडा चालत्या चकतीवर धरला की ती मोकळी होते. वाई-पाटणकडे पावसाळ्यात चकत्या दमट होऊन वळतात, त्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

काटकोन_मिरज:
धुळीचा मुद्दा गोलाच्या बाजूनं जातो, हे कबूल. मग एवढंच म्हणतो: रोज प्लाय नि चौकटी करणाऱ्यानं गोल घ्यावं, देव्हारे करणाऱ्यानं चौकोनी. आणि मशीन कुठलंही असो, प्रत्येक नंबरआधी फळीवर पेन्सिलनं नागमोडी रेघा ओढा. त्या सगळ्या पुसल्या की पुढचा नंबर.

सागवान_वाई:
पेन्सिलीला माझा पाठिंबा, पण देव्हाऱ्याबाबत नाही. फळ्या जोडण्याआधीच सुट्या घासा, म्हणजे कोपरा हा प्रश्नच उरत नाही. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना एक नंबर जास्त बारीक कागद लावा, नाहीतर तिथं रंग जास्त मुरून टोकं काळपट दिसतात.

काटकोन_मिरज:
जोडल्यावर सांध्यातून डिंक बाहेर येतोच की. तो कोपऱ्यातून कशानं काढणार?

सागवान_वाई:
पटाशीनं, डिंक अर्धवट सुकून रबरासारखा झालेला असताना.