क्रौर्य किती दाखवायचं?

क्रूर प्रसंग लिहिणारा लेखक विकृतच असतो, असं मत तुम्ही मांडलंत; ते मला अजिबात पटलं नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स’ या कादंबरीतल्या (२०००) लग्नातल्या कत्तलीचं उदाहरण दिलंत, म्हणून त्यावरच लिहिते; त्यात यजमानच लग्नाला आलेल्या पाहुण्यांना मारतात. मार्टिन यांना ते प्रकरण इतकं जड गेलं की बाकी पुस्तक संपवून त्यांनी ते शेवटी लिहिलं. शिवाय त्याला स्कॉटलंडच्या इतिहासाचा आधार आहे. १६९२ साली ग्लेनकोला पाहुणे म्हणून राहिलेल्या सैनिकांनीच यजमानांना मारलं होतं.

इकडे वेंगुर्ल्याला दारात आलेल्याला आधी गूळपाणी देतात, कोण-कुठला ते मागाहून विचारतात. कादंबरीत त्या जागी भाकरी-मीठ आहे. ते खाल्लेल्यांवरच तलवार चालते, म्हणून ते एवढं जिव्हारी लागतं. रक्ताचं वर्णन नंतरचं. यजमानांपैकी एकाच्या रेशमी बाहीखाली कॅटलिन या पाहुणीच्या हाताला चिलखताच्या कड्या लागतात, तिथेच मला घाम फुटला होता.

थिऑन या पात्राचा छळ अती होतो, याबद्दल मात्र सहमत, पण तो दोष या कादंबऱ्यांवरच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या टीव्ही मालिकेचा. २०१३ च्या तिसऱ्या सीझनमध्ये तो छळ भागामागून भाग दाखवत राहिले, शेवटी शेवटी काही वाटेनासं होतं. पुस्तकात तो बराचसा आडून घडतो. ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’ या नंतरच्या कादंबरीत (२०११) थेट भेटतो तो दात तुटलेला, स्वतःचं नाव घ्यायलाही घाबरणारा माणूस. माझ्या मामेबहिणीने तिथेच पुस्तक मिटलं. पुढचं वाच म्हणून मी तिला आग्रह केला नाही. ज्याला सोसत नाही त्याने खुशाल सोडावं.