रुनेबर्ग, रुनबर्ग की रूनेबेर्य?

फिनलंडच्या राष्ट्रकवीचं नाव मराठीत नक्की कसं लिहायचं? एकीकडे रुनबर्ग वाचलं, दुसरीकडे रुनेबर्ग. आणि याच नावाचा एक केक पण असतो म्हणे, तो काय प्रकार आहे?

– रुनेबर्ग लिहा बिनधास्त. रुनबर्ग नको, मधला ए उच्चारात चांगला ऐकू येतो. काटेकोरपणे बघायचं तर नाव स्वीडिश आहे आणि तिथे शेवटच्या र्ग चा उच्चार र्य च्या जवळ जातो, म्हणजे रूनेबेर्य. पण स्वीडिश सिनेदिग्दर्शक इंगमार बर्गमनचं आपण बेर्यमान केलं नाही, मग यालाच कशाला वेगळा न्याय.

– स्वीडिश? कवी फिनलंडचा ना?

– हो, तीच तर गंमत आहे. योहान लुडविग रुनेबर्ग जन्मला ५ फेब्रुवारी १८०४ ला, याकोबस्टाड गावात (फिनिशमध्ये पिएतारसारी), तेव्हा फिनलंड स्वीडनच्या ताब्यात होतं, १८०९ मध्ये ते रशियाच्या झारकडे गेलं पण शिकल्यासवरल्या लोकांची भाषा स्वीडिशच राहिली, आणि गडी शेवटपर्यंत स्वीडिशमध्येच लिहीत राहिला. त्यांचं राष्ट्रगीत याचंच, मूळ नाव 'वोर्त लांद', १८४८ मध्ये फ्रेडरिक पासियुसने चाल लावली. आज बहुतेक लोक म्हणतात ते 'माम्मे', म्हणजे पावो कायांडेरने केलेलं फिनिश भाषांतर. मूळ पहिल्या ओळीत देशाचं नावच नाही, नुसतं आमचा देश आमचा देश, भाषांतरात तिथे 'सुओमी' घातलंय. बरं, हे राष्ट्रगीत कुठल्या कायद्याने ठरलेलं नाही, रूढीनेच चालत आलंय.

– राष्ट्रकवीला त्यांचा शब्द काय?

– कान्सालिस्रुनोइलिया. कान्सालिस म्हणजे राष्ट्रीय, रुनोइलिया म्हणजे कवी, आणि रुनो म्हणजे कविता. आता रुनो आणि रुनेबर्ग शेजारी ठेवले की वाटणारच की नावातच कविता आहे आणि बर्ग म्हणजे डोंगर, म्हणून कवितेचा डोंगर! तसलं काही नाही, ते त्याचं जन्मापासूनचं आडनाव. पदवी समजून अर्थ काढत बसू नका. कान्सालिस मात्र ते लोक बरंच वापरतात, आलेक्सिस किवी हा राष्ट्रीय लेखक, तो फिनिशमध्ये लिहिणारा.

– मला तर रुनेबर्ग म्हटलं की जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवलेली साइट आठवते.

– बरोबर, प्रोजेक्ट रुनेबर्ग, १९९२ पासून, पण ती स्वीडनमधली, लिन्शोपिंगची. गुटेनबर्गशी यमक जुळतं ना, म्हणून ते नाव.

– अहो, केकचं राहिलं.

– सांगतो. रुनेबर्गिन्तोर्त्तु. तोर्त्तु म्हणजे केकच, मधला इन म्हणजे आपला चा. उभ्या डब्यासारखा छोटा केक, बदाम घातलेला, अराक (एक प्रकारची दारू) किंवा रमचा वास, वर मधोमध रासबेरी जॅमचा ठिपका आणि त्याभोवती साखरेच्या पांढऱ्या आयसिंगचं कडं. जानेवारीत दुकानात यायला लागतो आणि ५ फेब्रुवारीपर्यंत जोरात खपतो. त्या दिवशी झेंडे पण लागतात. आपल्याकडे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिन असतो तसंच काहीसं, फक्त आपण भाषणं ऐकतो आणि ते केक खातात. रेसिपीचं श्रेय बायकोला देतात, फ्रेड्रिका रुनेबर्गला. कोणी म्हणतं पोर्वो गावच्या एका बेकरीवाल्याकडून तिने घेतली. मला खटकतं ते एवढंच की ती स्वतः कादंबरीकार होती आणि लोकांच्या लक्षात राहिली केकपुरती.

शब्दचर्चेच्या दृष्टीने सगळ्यात मजेशीर हे की फिनिश शब्दकोशात हा केक एकच शब्द म्हणून येतो आणि पहिलं रोमन अक्षर लहान, म्हणजे स्मॉल. माणूस मोठ्या अक्षराने, केक लहान अक्षराने, म्हणजे विशेषनामाचं सरळ सामान्यनाम होऊन गेलं. हेलसिंकीतला रस्ता मात्र रुनेबर्गिन्कातु, तिथे अक्षर मोठंच, आणि पाटीवर दुसरं नाव स्वीडिशमध्ये, रुनेबर्गस्गातान. आपल्या देवनागरीत लहान-मोठं काही नाही, त्यामुळे हा फरक लिहून दाखवताच येत नाही.

– मग मराठीत केकला काय लिहू? रुनेबर्ग टार्ट?

– टार्ट नको, लोकांना बिस्किटाच्या वाटीत क्रीम भरलेलं वाटेल. रुनेबर्ग केक लिहा. मूळ शब्दच द्यायचा असेल तर तोर्त्तु, त दंत्य, टोर्टू नाही.