मदत हवी आहे: कारखान्यातल्या राउटरवर जुनं डीएनएसमास्क, फर्मवेअर अपडेट नाही

आमच्याकडे पंपिंग स्टेशनांवर १४ फोरजी औद्योगिक राउटर आहेत, प्रत्येकामागे पीएलसी (पंप चालवणारा औद्योगिक नियंत्रक). त्यांत डीएनएसमास्क २.८० आहे (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारा, म्हणजे डीएनएसचा, आणि उपकरणांना डीएचसीपीने नेटवर्क सेटिंग वाटणारा छोटा प्रोग्राम). जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालेल्या त्यातल्या 'डीएनएसपूक' नावाच्या ७ सुरक्षा त्रुटी २.८३ मध्ये दुरुस्त झाल्या. आमचं मॉडेल बंद झाल्यामुळे निर्मात्याकडून नवं फर्मवेअर मिळणार नाही. बदलीचं बजेट पुढच्या वर्षी.

आतापर्यंत केलेलं: सिमच्या बाजूने डीएनएसचं पोर्ट ५३ बंद केलं, बाहेरून तपासलंही. आवृत्ती तपासताना 'नो-डीएनएसएसईसी' दिसतं (डीएनएस उत्तरांची सही तपासणारा भाग त्यात नाही), म्हणजे त्या भागातल्या बफर ओव्हरफ्लोच्या ४ त्रुटी लागू होत नाहीत असं मी धरतोय (चुकत असेन तर जरूर सांगा). खरी काळजी कॅशे पॉयझनिंगच्या (खोटी डीएनएस उत्तरं साठवली जाण्याच्या) उरलेल्या तीन त्रुटींची, कारण व्हीपीएन सर्व्हरचा पत्ता राउटर नावावरूनच शोधतो. तो आयपी बदलता आहे, त्यामुळे होस्ट्स फाइलमध्ये कायमचा लिहिता येत नाही. रूट प्रवेश आहे, पण रीबूट फक्त रात्री.

कॅशे-साइझ शून्य आणि डीएनएस-फॉरवर्ड-मॅक्स (एका वेळी पुढे पाठवायच्या प्रश्नांची मर्यादा) १५० वरून कमी करणं पुरेसं आहे, की पोर्ट=० करून डीएनएस पूर्ण बंद करावं आणि पीएलसींना डीएचसीपीमधून थेट वरचा सर्व्हर द्यावा? तसं केल्यावर राउटरच्या स्वतःच्या व्हीपीएनचं नाव शोधणं बंद पडतं का?