मदत हवी आहे: ट्रान्समिशन लाइन स्पीकरचा बेस एकाच सुरावर घुमतोय

इंदिरानगरचा_श्रोता: पेट्या तयार होऊन तीन आठवडे झाले. १८ एमएम प्लाय, साडेसहा इंची वूफर (बेस वाजवणारा स्पीकर), आत घडीची लाइन, म्हणजे वूफरच्या मागचा आवाज उघड्या तोंडापर्यंत नेणारा लांब, दुमडलेला बोगदा. अंबडच्या सुताराकडून प्लाय कापून घेतला, जोडणी माझी. डग्ग्यावर मींड आली की मधला एकच सूर फुगतो, त्याच्या खालचं गायब. खिडकीची काच थरथरते. दोन महिन्यांचे रविवार गेलेत यात. काय चुकलं ते लवकर सांगा.

गोदाकाठ: लाइनची लांबी? वूफर बंद टोकाला की पुढे? आत काय भरलंय? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

सातपूर_७७: अँप (अँप्लिफायर) कुठला? स्वस्त क्लास डी बोर्ड असेल तर आधी तो बदला. मी बदलला आणि फरक लगेच कळला.

इंदिरानगरचा_श्रोता: अँपबद्दल विचारलेलं नाही. लांबी ७ फूट, वूफर बंद टोकालाच. आतून सगळीकडे एक इंची फोम चिकटवलाय.

गोदाकाठ: तिथेच अडलंय. ७ फूट म्हणजे २.१३ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला तर पाव लाटेच्या हिशोबाने लाइन ४० हर्ट्झला (सेकंदाला ४० कंपनांना) घुमते. एका टोकाला बंद असलेली नळी तिप्पट, पाचपटीलाही बोलते: १२०, २००. एक इंची फोम १२० ला काही करत नाही. वूफर बंद टोकापासून २ फूट ४ इंचांवर, म्हणजे एक तृतीयांशावर असता तर तो १२० बराच दबला असता. मोबाइलवर टोन लावून बघा.

इंदिरानगरचा_श्रोता: ११८ ला काच वाजते! पण पेटी आता फोडणार नाही.

कॉलेजरोड_ऑडिओ: टीएलचा (ट्रान्समिशन लाइनचा) नाद सोडा. सीलबंद पेटी करा आणि सबवूफर (फक्त अगदी खालच्या सुरांचा स्पीकर) वेगळा घ्या.

जुनी_रेकॉर्ड: सबवूफर कशाला? पूर्ण लाइन लोकरीने भरा. अशा लाइनचा आराखडा मांडणाऱ्या ए. आर. बेली यांनी १९६५ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात लांब धाग्याची लोकरच सांगितली होती. घोंगडीवाल्यांकडे मिळेल.

गोदाकाठ: बेलींना मागचा आवाज होईल तितका आतच जिरवायचा होता. यांना ४० हर्ट्झ लाइनच्या उघड्या तोंडातून बाहेर हवाय. शेवटपर्यंत भरलं तर तोही मरेल. वूफरकडून पहिले दोन तृतीयांश भरा, पुढचं मोकळं ठेवा. लाइनचा छेद किती?

जुनी_रेकॉर्ड: माझी जोडी पूर्ण भरलेली आहे. इतका स्वच्छ बेस मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

पंचवटी_तबला: लोकरीला कसर लागते हो, घरात गरम कपडे असतील तर सांभाळा. गादीवाल्याकडचं पॉलिस्टर फायबर बरं. डग्गा कुणाचा ऐकताय?

इंदिरानगरचा_श्रोता: लाइनचा छेद १० बाय १५ सेंमी.

गोदाकाठ: म्हणजे एकूण ३२ लिटर, त्यातले २१ भरायचे. लिटरला ८ ग्रॅम धरा, साधारण १७० ग्रॅम. नीट पिंजून घाला, गोळे राहू देऊ नका.

इंदिरानगरचा_श्रोता: स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून एका पेटीत भरलं. काच गप्प झाली! मींड सलग खाली उतरते. पण खुर्चीत बसलं की खालचं कमी, भिंतीशी उभं राहिलं की भरपूर. आता हे काय?

गोदाकाठ: खोली किती लांब? खुर्ची मध्यावर आहे का?

इंदिरानगरचा_श्रोता: १२ फूट. हो, बरोबर मध्ये.

गोदाकाठ: १२ फुटांत ४७ हर्ट्झची अर्धी लाट बरोबर बसते, ती दोन भिंतींमध्ये उभी राहते आणि मध्यावर तिचा दाब जवळजवळ शून्य असतो, म्हणून तिथे ती ऐकू येत नाही. पेटीचा दोष नाही. खुर्ची दोन-तीन फूट मागे सरकवा. दुसरी पेटी भरून झाली की दोन्हींच्या तारा तपासा, एकीची लाल-काळी उलटी असेल तर दोघींचा बेस एकमेकींना खाईल.